चौथ्या कडव्यातला टाळ

शुक्रवार पेठ, सोलापूर
२० नोव्हेंबर २०२३

वहिनी,

नमस्कार. दादांनाही सांगा, आणि त्यांना ऐकू गेला नाही तर मोठ्यानं सांगा.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणणार. फोनवर तुम्ही "व्हय, व्हय" करता आणि तिकडून म्हशीला दटावता. माझं निम्मं बोलणं म्हशीनंच ऐकलेलं असतं. कागद मात्र वाचावा लागतो. एवढी वर्षं शाळेत संगीत शिकवून मला एवढं तरी कळलंय, की माणसाला तोंडी सांगून काही उपयोग नसतो.

विषय आपल्या मारुतीच्या देवळातल्या कॅसेटचा. दसऱ्याला मंद्रूपला आले होते तेव्हा पहाटे भूपाळी लागली आणि मी अंथरुणात उठून बसले. वहिनी, ती मी नव्हते. त्र्याण्णव साली आपल्या बायकांच्या भजनी मंडळानं सोलापुरात येऊन जी भूपाळी रेकॉर्ड केली, आमच्या वडिलांनी, अण्णांनी रचलेली आणि मी गायलेली, तिचं हे काय होऊन बसलंय? पहिल्या कडव्यात नुसती खरखर. दुसऱ्यात फीत ओढली जाते आणि माझा आवाज पुरुषी होतो. तिसऱ्यात एक अख्खी ओळच नाही, कारण फीत तुटल्यावर आपल्या गुंडा गुरवानं तिथं चिकटपट्टी लावली. गुरव झाला म्हणून काय झालं, मी त्याला विचारलंच. तर म्हणतो, "अक्का, येक ओळ गेली म्हणून बिघडतंय काय? देवाला पाठ हाय की."

माझा युवराज दिवाळीला आलाय तो अजून इथंच आहे, घरी बसून ऑफिस करतोय. कॅसेटमधलं गाणं उतरवून त्याची फाइल करायची सोय त्याच्या लॅपटॉपवर आहे. माझी दोन कपाटं गाणी त्यानं अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये बसवली. इतकी वर्षं मी त्या कॅसेटींवरची धूळ पुसत बसले याची आता लाज वाटते. कॅसेट म्हणजे नुसता डबा, वहिनी. गाणं आतलं. फाइल तुटत नाही, झिजत नाही, तिला बुरशी येत नाही. ती अमर असते.

आणि माझं गाणं आता तेवढंच उरलंय. थायरॉइडच्या ऑपरेशनपासून गळा असा झालाय की भाजीवालीला हाक मारली तर ती पुढच्या गल्लीत निघून जाते. मी जे काही गायले ते त्या एका फितीत आहे, आणि ती फीत गुंडाच्या हातात आहे, या विचारानं मला धास्ती वाटते. चैत्रात मारुतीच्या जन्माला देवळावर नवे भोंगे बसणार आणि त्याच दिवशी माझा सत्कार, असं कमिटीच्या सिद्धप्पांनी ठरवलंय. नव्या भोंग्यांतून ती जुनी खरखर जाऊ नये एवढंच माझं म्हणणं. कॅसेट कोणाबरोबर तरी पाठवून द्या. एसटीत खिडकीशी ठेवू नका म्हणावं, ऊन लागतं.

तुमची,
प्रभा

मंद्रूप
२७ नोव्हेंबर

प्रभावन्सं,

तुमच्या दादांना तुमचा नमस्कार दोनदा सांगितला. ते म्हणाले, पाऊस कुठला आता. म्हशीला पत्र वाचून दाखवलं नाही, कारण तिच्याबद्दल जरा उणंच लिहिलंय.

कॅसेटला डबा म्हणालात ते वाचून बरं वाटलं. एकदा मी तुमच्या त्या कपाटाला पुसायला म्हणून हात लावला होता तर तुम्ही जेवायच्या ताटावर माझ्याशी बोलत नव्हता. तेव्हा त्यात सरस्वती होती. आता डबे निघाले. उशिरा का होईना, समजलं.

गुंडाला नावं ठेवू नका. फीत गुंडाळायला त्याच्या कानावर कायम पेन्सिल असते. एक बाजू संपली की मशिनीत खट्‌ वाजतं, तो उठतो, कॅसेट उलटी करतो, आणि उठलोच आहे तर म्हणून देऊळ झाडून घेतो. ते खट्‌ नसतं तर आमच्या देवळात झाडू फिरला नसता. शिवाय कॅसेट कुठवर आली ते डोळ्यांनी दिसतं. या चाकावरची फीत त्या चाकावर गेली की संपलं. तुमच्या त्या अंगठ्यात काय बघायचं?

खरखर आहे, ते कबूल. पण गाव त्या खरखरीवर उठतं. दुसऱ्या कडव्यात तुम्ही पुरुष झालात की सोलापूरची पहिली गाडी सुटते. चौथ्याला टाळ कडाडला की माझी म्हैस पान्हा सोडते. तिसऱ्यातली ओळ गेली तशी बायांनी पण ती ओळ सोडून म्हणायची सवय केली. नव्या पोरींना तर तिथं काही होतं हेच ठाऊक नाही.

तरी मी नाही म्हणत नाही. गळ्याचं वाचून वाईट वाटलं. तुमचा आवाज आहे, तुम्हाला काळजी वाटणारच. पण त्या फितीत माझाही टाळ आहे, गुंडाच्या आईचं, रत्नम्माचं, मागून म्हणणं आहे, आणि मंडळातल्या दोघी तर आता त्या फितीतच आहेत. तेव्हा काय अमर करायचं ते करा, पण डबा मला परत पाहिजे. आमची सूनबाई अंकिता गुरुवारी कामाला सोलापूरला येतेय. तिच्याबरोबर पाठवते. पिशवीत वर शेंगाचटणी आहे आणि खाली कॅसेट. तुम्ही हल्ली चष्मा लावत नाही म्हणून आधी सांगितलं.

विजयमाला

शुक्रवार पेठ, सोलापूर
१८ डिसेंबर

वहिनी,

चटणी संपली. तिखट होती. कॅसेटच्या कव्हराला तेल लागून आलं होतं, तेही तुमच्या हातचं म्हणून समजून घेतलं.

फाइल झाली. पेनड्राइव्ह याच पाकिटात आतून चिकटवलाय, फाडताना सांभाळा. गुंडाला सांगा, एका अंगानं जात नसेल तर उलटा घाल, ठोकू नकोस.

काय सांगू तुम्हाला. हेडफोन लावून बसले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मला माझा श्वास ऐकू आला. खरखर गेली, चिकटपट्टीचा टक्‌ गेला, मध्ये कोणी खोकलं होतं ते गेलं. तिसऱ्यातली हरवलेली ओळ युवराजनं यंत्राकडून माझ्याच आवाजात गाऊन घेतली. शब्द मी सांगितले, आवाज त्यानं माझ्या बाकीच्या ओळींवरून शिकून घेतला. मला स्वतःला फरक कळला नाही. मागं आणखी जो काही गोंगाट होता तोही यंत्रानं काढला. गाणं कुठलं आणि गोंगाट कुठला, हे ते आपलं आपण ठरवतं. आपण त्यात पडायचं नसतं.

मी रडले, वहिनी. पस्तिशीतली प्रभा येऊन समोर गायली आणि ही पासष्टीतली तिच्याकडे बघत बसली. लोक पुन्हा तबकड्या काय घेतात, कॅसेटी काय जमवतात, माझ्या ओळखीचे एक मास्तर तर तबकडीवर सुई ठेवताना डोळे मिटतात. मिटोत बापडे. मला माझं गाणं स्वच्छ मिळालं, मला आणखी काही नको.

कॅसेट आहे इथंच कुठंतरी, नीट ठेवलीय. आता परत पाठवून तरी तुम्ही तिचं काय करणार? पुढच्या खेपेला बघू. युवराज पुण्याला गेला. त्याला दुसऱ्या कंपनीत नोकरी लागलीय, पगार बरा आहे म्हणतो.

सिद्धप्पांना सुचवून ठेवा की सत्कारात सोलापुरी चादर नको. घरात ढीग पडलाय. शाल चालेल.

तुमची,
प्रभा

मंद्रूप
२६ डिसेंबर

प्रभावन्सं,

सोमवारी गुंडानं नारळ फोडून पेनड्राइव्ह घातला. भूपाळी लागली. संपली. पुन्हा लागली. पुन्हा संपली, पुन्हा लागली. गुंडा पायरीवर बसून खट्‌ वाजायची वाट बघत होता. मग तो कंटाळून शेताकडं गेला. उन्हं पार डोक्यावर आली तरी तुम्ही आपल्या मारुतीला ऊठ म्हणत होता. पंचायतीत कोणी साहेब आले होते, ते सिद्धप्पाला म्हणाले, तुमचा देव रात्रपाळीला असतो काय. गुंडा आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "अक्का, ह्ये आपलं आपण थांबतच न्हाय की. मला काय म्हाईत." देऊळ झाडायचं राहिलं ते वेगळंच.

आवाज स्वच्छ आहे, खोटं कशाला बोलू. तुमचा श्वास तर वेशीपर्यंत ऐकू गेला. आमच्या शेजारणीला वाटलं कोणी हापसा मारतंय. तिसऱ्यातली ओळही ऐकली. न गाताच छान गायलात.

मग चौथं कडवं आलं. मी बादली घेऊन गोठ्यात बसले होते. म्हैस थांबली, मीही थांबले. टाळ आलाच नाही. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि त्या दिवशी दूध निम्म्यावर आलं.

वन्सं, चारही कडव्यांतून माझा टाळ गेला. यंत्राला तो गोंगाट वाटला असेल. त्याला मी बोल लावत नाही, ते बिचारं देवळात कधी गेलं नसेल. पण मला एक कोडं पडलंय. रत्नम्मा नाकातून ओढत म्हणते ते सगळं जसंच्या तसं आहे. यंत्राला रत्नम्माचं नाक गाणं वाटलं, तुमचा श्वास गाणं वाटला, आणि माझा टाळ तेवढा गोंगाट वाटला. तुमची त्याच्याशी ओळख आहे, तर विचारून बघा.

मला वाईट वाटलं, ते आडून कशाला सांगू. मला गाता येत नाही हे मी लग्न होऊन आले त्याच साली तुम्ही भावकीत सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ते खरंच आहे. टाळ तेवढा येत होता. इतकी वर्षं रोज पहाटे गोठ्यात बसून मी मलाच ऐकत आले. सोमवारपासून मी त्या देवळात नाही.

चौथं कडवं तुम्ही एकदा कान देऊन ऐका. जास्त काही बोलत नाही.

डबा पाठवून द्या.

विजयमाला

शुक्रवार पेठ, सोलापूर
४ जानेवारी २०२४

वहिनी,

तुम्ही प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेता, ही तुमची सवय जुनी आहे. यंत्र नणंद-भावजय बघत नाही. धातूवर धातू आपटला की जो आवाज होतो तो त्याला खरखरीसारखाच वाटतो, म्हणून गेला असेल. मला तरी त्यात काय करता येणार होतं?

आणि विषय निघालाच आहे म्हणून बोलते. साथ करणाऱ्यानं मागं राहायचं असतं, असं आम्हाला गुरुजींनी शिकवलं. तुमचा टाळ जरा पुढे यायचा. चौथ्या कडव्यात तर फारच. मी त्यावर कधी एक शब्द बोलले नाही, आताही बोलले नसते.

चौथं कडवं ऐकलं. तिथं फीत ओढली गेली होती, त्यामुळे जरा घसरल्यासारखं वाटतं. तो कॅसेटचा दोष. म्हणूनच म्हणते, त्या डब्यात काही राम राहिला नव्हता. गड्ड्याच्या जत्रेला याल तेव्हा घरी या, हेडफोनवर ऐकवते, म्हणजे तुमचीही समजूत पटेल. गुंडाला मोबाईलवर गजर लावायला सांगा, गजर झाला की पेनड्राइव्ह काढायचा. म्हशीला दुसरं काहीतरी ऐकवा.

सत्काराची पत्रिका छापायला जाईल तेव्हा माझ्या नावापुढे संगीत विशारद घालायला सांगा. मागच्या खेपेला नुसतं प्रभाताई छापलं होतं.

तुमची,
प्रभा

मंद्रूप
३० जानेवारी

प्रभावन्सं,

गड्ड्याला आलो होतो. तुमच्या दादांनी पाळण्याकडं बघून घेतलं, मी बांगड्या भरल्या, आणि आम्ही परत आलो. पेठेत आले नाही, कारण आदल्या दिवशी मी युवराजला फोन केला होता.

मी त्याला म्हटलं, "बाळा, तुझ्या यंत्राचा माझ्यावर काय राग हाय रं?"

तो म्हणाला, "मामी, यंत्र स्वतःहून काही काढत नाही. ते नुसते आवाज वेगवेगळे करून ठेवतं. गाणं एका बाजूला, पेटी एका बाजूला, टाळ एका बाजूला. काय ठेवायचं ते आपण सांगायचं. मी म्हटलं होतं टाळ राहू दे, भारी वाटतोय. आई म्हणाली काढ, तीस वर्षं सोसलाय."

मी म्हटलं, "मग तो येगळा काढल्याला टाळ कुटं हाय?"

"तो जुन्या ऑफिसच्या लॅपटॉपवर होता. नोकरी सोडली तेव्हा लॅपटॉप परत केला, त्यांनी तो पुसला."

"आन्‌ कॅसेट?"

"ती तर आईनं बाकीच्या कॅसेटींबरोबर भंगारवाल्याला दिली. तुम्हाला बोलली नाही का?"

तुम्ही मला बोलला नव्हता, वन्सं. नीट ठेवलीय म्हणाला होता.

आता चौथ्या कडव्याचं मी बोलते. तिथं फीत ओढली गेली नव्हती. त्या दिवशी स्टुडिओत तुमच्या पेटीचा भाता दोनदा अडकला, आपली वेळ संपत आली आणि काचेपलीकडच्या माणसानं बोट दाखवून सांगितलं की ही शेवटची. चौथ्या कडव्यात ताल जिथं येऊन पडायला हवा त्याच्या एक मात्रा आधीच तुम्ही उतरलात. तुम्ही डोळे मिटले होते, तुम्हाला कळलं नाही. रत्नम्मानं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार होते? तुम्ही जिथं उतरलात तिथंच मी टाळ हाणला, जेवढा जोर होता तेवढ्यानं, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं की जागा हीच. बाया टाळामागून आल्या, तुम्ही पुढं निघून गेलात, कोणाला पत्ता लागला नाही. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, वहिनी, चौथ्याला केवढा मोठा मारलात. मी म्हटलं, चुकलं.

तेव्हापासून तो टाळ तुमच्यावर पदर धरून उभा होता. पदर तुम्हीच ओढून टाकला, आणि वर यंत्राचं नाव सांगितलं.

गावात काय चाललंय तेही ऐका. सकाळच्या शाळेची पोरं देवळासमोर थांबतात. चौथं कडवं आलं की सगळी एकदम एक पाय लचकवतात आणि हसत पुढं जातात. त्याला ती प्रभाआत्याचं पाऊल म्हणतात. चैत्रात नवे भोंगे बसले की ते पाऊल पुढच्या गावालाही ऐकू जाईल.

पत्रिकेत संगीत विशारद घालायला सांगितलंय.

विजयमाला

शुक्रवार पेठ, सोलापूर
९ मार्च

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तुमच्या पत्राचा आधी मला संताप आला. मग मी हेडफोन लावला. चौथं कडवं किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. आयुष्यभर पोरींच्या हातावर टाळी देऊन मात्रा मोजायला शिकवल्या, तेव्हा एवढी तर मलाही मोजता येते. एक मात्रा आधी आले आहे. फितीनं काहीही केलेलं नाही.

युवराजवर रागावू नका. तो खरं बोलतो. ते त्यानं माझ्याकडून घेतलेलं नाही.

भंगारवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, "बाई, डबं गेलं पिलॅस्टिकमदी. फिती न्हेल्या शेतकऱ्यांनी, ज्वारीवर ताणत्यात, पाखरं राखाया." कुठले शेतकरी ते त्याला सांगता येईना. एकजण मंगळवेढ्याचा होता म्हणाला. मी तशीच स्टँडवर गेले आणि मंगळवेढ्याच्या गाडीत चढायला निघाले. कंडक्टरनं विचारलं, कुठं उतरणार. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला तिथल्या सगळ्या रानांतून फितींना कान लावत फिरावं लागेल. मी खाली उतरले.

युवराज म्हणतो, त्यात काय, चौथं कडवंही यंत्राकडून गाऊन घेऊ, टाळही टाकू, त्यात टाळाचे पुष्कळ प्रकार मिळतात. मी नको म्हटलं. तिसऱ्यातली एक ओळ आधीच माझी नाही. चौथं दिलं तर त्या गाण्यात मी उरले किती?

भूपाळी बंद करायला सांगा, वहिनी. फाइल काढून टाका. दुसरं काहीही लावा. सत्कारही नको, सिद्धप्पांना तब्येतीचं कारण सांगा. मी चैत्रात येत नाही. गावातून जाताना पोरांचे पाय बघायची माझी तयारी नाही.

तुमची,
प्रभा

मंद्रूप
१७ मार्च

प्रभावन्सं,

तुमचं पत्र तुमच्या दादांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाले, "तिला म्हणावं, गुमान ये." एरवी त्यांना शेजारी ट्रॅक्टर चालला तरी कळत नाही.

मंगळवेढ्याला जायचं काही कारण नव्हतं. आमच्या पोरानं, अजिंक्यनं, सोलापूरच्या भंगारातून पोतंभर फिती आणून आमच्याच ज्वारीवर ताणल्या होत्या. आता काढणी झाली, काठ्या तशाच उभ्या आहेत. वारा आला की फीत गुणगुणते. त्यात तुम्ही आहात का ते मला सांगता येणार नाही, पण या साली आमच्या रानात एक पाखरू फिरकलं नाही.

तुमच्या सांगण्यावरून एक दिवस भूपाळी बंद केली. सिद्धप्पानं बाजारातून दुसरी आणली, कोण कुठली बाई, एकही चूक नाही, मागं पाच-पन्नास वाद्यं. तिचं दुसरं कडवं व्हायच्या आत रत्नम्मा काठी टेकत देवळात गेली. गुंडाला म्हणाली, "ही आमची बाई न्हाय. आमची चुकनारी लाव." गुंडानं तुमची लावली.

मग मी फळीवरचा टाळ काढला. चिंच लावून घासला. आता रोज पहाटे देवळात जाते, गुंडा माइक समोर ठेवतो. तीन कडवी गप्प बसते, साथ करणाऱ्यानं मागं राहायचं असतं म्हणून. चौथं आलं की तुम्ही जिथं उतरता तिथं हाणते. पहिल्या दिवशी पोरं पाय लचकवायला थांबली होती. त्यांना लचकवायला जागाच सापडली नाही, तशीच शाळेत गेली. भूपाळी संपली की पेनड्राइव्ह मीच उपटते. गुंडाला त्यामुळे खट्‌ ऐकल्यासारखं होतं, तो उठून झाडून घेतो. गोठ्यात आता अजिंक्य बसतो. भोंग्यावर टाळ वाजला की म्हैस त्यालाही दूध देते. तिला कॅसेट काय आणि मी काय, टाळ वाजल्याशी मतलब.

यंत्राचा टाळ नको म्हणालात ते चांगलं केलंत. यंत्र टाळ बरोबर जागी मारणार, आणि बरोबर जागी मारला की तुम्ही उघड्या पडणार.

तेव्हा चैत्रात या. गळा नाही तर नसू दे, गायचं काम भोंगा करेल. तुम्ही नुसत्या उभ्या राहा, मी शेजारी आहे. चादर नाही, शालच आहे, मी हात लावून बघितली. जरा टोचते. तेवढं तुम्हाला टोचायलाच पाहिजे.

एकच अडचण आहे. माझे गुडघे आता देवळाच्या पायऱ्या जेमतेम चढू देतात, आणि तुम्ही म्हणता तशी तुमची फाइल अमर आहे. मी काही अमर नाही. म्हणून अंकिताला शेजारी घेऊन बसते. पोरगी हुशार, तालाला पक्की. चौथं कडवं आलं की दर वेळी बरोबर जागेवर टाळ मारते. मी म्हणते, तितं न्हवं गं, जरा अलीकडं. ती म्हणते, "आई, तितं मारला तर चूक हाय की."

मी म्हणते, व्हय. तीच शिकायची हाय.

ताल तिला येतो. तुमची चूक अजून हाताला बसत नाही. चैत्रापर्यंत बसवते.

विजयमाला